निमंत्रण नाकारणारे पत्र: जोतीरावांनी रानड्यांना काय कळवले होते?

सोलापूरने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा भरवले. १९४१ मध्ये वि. स. खांडेकर अध्यक्ष होते, २००६ मध्ये मारुती चितमपल्ली. पण संमेलनांच्या इतिहासात अध्यक्षीय भाषणांइतकेच एक नकाराचे पत्रही गाजले.

पत्र कुणाचे, कुणाला?
न्या. महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पुण्यात पहिली ग्रंथकार सभा भरली. दुसरी भरली १८८५ मध्ये. तिचे निमंत्रण रानडे यांनी जोतीराव फुले यांना धाडले. 'गुलामगिरी' (१८७३) लिहिणारे जोतीराव गेले नाहीत, त्यांनी उत्तर पाठवले. ते 'ज्ञानोदय'मध्ये छापून आले.

नकार का?
जे सर्वांना माणूस म्हणून हक्क देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसणार नाही, असा पत्राचा आशय. शूद्रातिशूद्रांनी काय सोसले, ते या ग्रंथकारांच्या लेखनात उतरत नाही. त्यामुळे आमचा विचार आम्हीच करू, असे त्यांनी ठणकावले.

पुढे काय झाले?
१९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. उद्घाटक होते अण्णा भाऊ साठे. विद्रोही साहित्य चळवळ आजही या पत्राचा दाखला देते.

आज त्याचे काय?
सोलापुरात भवानी पेठेसारख्या विणकरांच्या वस्त्यांत मराठीबरोबर तेलुगूही कानी पडते. मागावर राबणाऱ्याचे जगणे कुणाच्या पुस्तकात येते? पत्रातला तो प्रश्न इथे अजून शिळा झालेला नाही.