शेवटच्या दिवसांतला दिलासा
जहराहून रात्री घरी फोन लावावा, तर भारत अडीच तास पुढे. आजारी आई झोपलेली असते. कर्करोग हाताबाहेर गेला की डॉक्टर ‘आता घरी न्या’ म्हणतात. मग?

मुंबईत वांद्र्याला 1986 साली शांती अवेदना सदन सुरू झालं, भारतातलं पहिलं हॉस्पिस. तिथे बरं करण्याचा हट्ट नाही. वेदना आवरायची, जखम धुवायची, कोरडे ओठ ओले करायचे. पैसेही घेत नाहीत.

इकडे जहराच्या हॉस्पिटलात एखादा आपला कामगार एकटाच पडलेला असतो. त्याच्याशी मराठीत दहा मिनिटं बोलायला नर्सच कशाला हवी? ‘सगळं ठीक होईल’ मात्र म्हणू नये, त्याला कळतं. गावच्या पावसाचं विचारावं. तो गप्प झाला, तर आपणही गप्प बसावं.