आरसा, साबण आणि फूटपट्टी : आपल्या चेहऱ्याचा आकार कसा ओळखावा?

चष्म्याची चौकट निवडताना किंवा केस कापून घेताना ‘तुमचा चेहरा गोल की लांबट?’ हा प्रश्न हमखास समोर येतो. जो चेहरा आपण रोज आरशात पाहतो, त्याच्याविषयीचे हे उत्तर मात्र बहुतेकांना ठामपणे देता येत नाही. मग मोबाइलवर सेल्फी काढून खात्री करण्याचा मोह होतो आणि नेमकी तेथेच फसगत होते.

कॅमेऱ्याला जे जवळ ते मोठे, जे दूर ते लहान दिसते. सेल्फीत नाक सर्वांत जवळ असते. कान आणि जबड्याचे कोपरे बरेच मागे राहतात. परिणामी नाक फुगलेले आणि चेहरा प्रत्यक्षाहून अरुंद दिसतो. ‘जामा फेशिअल प्लास्टिक सर्जरी’ या नियतकालिकात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या गणितानुसार, पाच फुटांवरून काढलेल्या छायाचित्राच्या तुलनेत बारा इंचांवरून काढलेल्या छायाचित्रात नाक सुमारे ३० टक्के अधिक रुंद भासते. अशी छायाचित्रे पाहून स्वतःच्या नाकाला नावे ठेवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. दोष असलाच तर तो अंतराचा आहे.

याउलट घरातला सपाट आरसा बराच प्रामाणिक असतो. आरशापासून अर्ध्या मीटरवर उभे राहिल्यास आपले प्रतिबिंब आपल्यापासून एक मीटर दूर असते. एवढ्या अंतरावर नाक आणि जबडा यांतील पुढे-मागेपणाचा परिणाम पुष्कळ कमी होतो.

मोजावे कसे?

केस मागे घट्ट बांधावेत. आरशासमोर मान ताठ ठेवून उभे राहावे, एक डोळा मिटावा आणि काम संपेपर्यंत तो उघडू नये. डोकेही हलवू नये. साबणाच्या कोरड्या, झिजलेल्या वडीच्या टोकाने आरशावर आठ खुणा कराव्यात : कपाळावर केस सुरू होतात तो मध्यबिंदू, हनुवटीचे टोक, कपाळाच्या सर्वांत रुंद भागाच्या दोन कडा, गालाच्या हाडांची दोन बाहेरील टोके आणि जबड्याचे दोन कोपरे. केस मागे हटले असतील, तर भुवया उंचावून सर्वांत वरच्या आठीच्या किंचित वर खूण करावी.

आता फूटपट्टीने चार मापे घ्यावीत : लांबी, कपाळ, गाल आणि जबडा. आकडे पाहून दचकू नये. आरशावरील चेहरा प्रत्यक्षाच्या निम्माच उमटतो. आपल्याला हवे आहे ते केवळ प्रमाण, आणि ते बदलत नाही.

जबड्याचे माप म्हणून हनुवटीपासून कानाखालपर्यंतचे अंतर दुप्पट करावे, असा सल्ला अनेकदा दिला जातो. परंतु ते तिरप्या कडेच्या लांबीचे माप आहे. कपाळाच्या सरळ रुंदीशी त्याची तुलना केल्यास जबडा विनाकारण मोठा ठरतो. म्हणून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतच मोजावे.

मापांचा अर्थ

पुढील विभागणी ढोबळ आहे. लांबी गालांच्या रुंदीच्या सव्वापटीहून कमी असल्यास चेहरा गोल किंवा चौकोनी. जबड्याचे कोपरे स्पष्ट असतील तर चौकोनी, वळण मृदू असेल तर गोल. सव्वा ते दीडपट लांबी आणि खाली हळूहळू निमुळती होणारी कड म्हणजे अंडाकृती. दीडपटीहून अधिक असल्यास लांबट. कपाळ सर्वांत रुंद आणि हनुवटी टोकदार असल्यास हृदयाकृती, गाल सर्वांत रुंद आणि कपाळ-जबडा दोन्ही अरुंद असल्यास हिरकणीसारखा, तर जबडा सर्वांत रुंद असल्यास त्रिकोणी. अनेकांचा चेहरा दोन प्रकारांच्या सीमेवर असतो, आणि त्यात वावगे काही नाही.

गोल चेहऱ्याला कोनदार आणि चौकोनी चेहऱ्याला गोलसर चौकट शोभते, हा रूढ संकेत. तो आवडीचा भाग झाला. त्याहून महत्त्वाची आहे चौकटीची रुंदी. चष्म्याच्या दांडीच्या आतील बाजूस ‘५२-१८-१४०’ असे आकडे असतात : एका काचेची रुंदी, नाकावरील अंतर आणि दांडीची लांबी, सर्व मिलिमीटरमध्ये. सध्याचा चष्मा नीट बसत असेल, तर नवा घेताना हेच आकडे सोबत न्यावेत. बाहुली काचेच्या मध्याजवळ यावी. फार रुंद चौकटीत ती नाकाकडे सरकते, आणि नंबर जास्त असल्यास काच कडेला जाड आणि जड होते. घरी पार्सलने चष्मा मागवणाऱ्यांनी हे विशेष जपावे.

चेहरा मोजण्याची ही खटपट नवी नाही. सहाव्या शतकात अवंतीच्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त मूर्तीचे मुख तिच्याच अंगुळाने बारा अंगुळे लांब आणि तितकेच रुंद सांगितले, लगेच नग्नजिताच्या मते लांबी चौदा अंगुळे असून ते द्राविड प्रमाण होय, हेही नोंदवले. मूर्तीच्या मुखालाही तेव्हा एकच साचा नव्हता, आणि माप घ्यायचे ते तिच्या स्वतःच्या अंगुळाने. मापे घेऊन झाली की ओल्या फडक्याने आरसा पुसून टाकावा. चौकटीचे आकडे मात्र लिहून ठेवावेत.