पंख्याची कळ आणि दोन तारा

औष्णिक विजेसाठी ख्यातनाम असलेल्या चंद्रपुरात आणि शेजारच्या गडचिरोलीत, जेथे मे महिन्यात पारा कित्येकदा 45 अंशांपलीकडे जातो, स्वयंपाकघरातील धूर व उष्मा बाहेर टाकणारा एक्झॉस्ट पंखा ही चैन नव्हे. आणि त्याच्या शेजारचा, तेलाने व काजळीने माखलेला लोखंडी मेन स्विच काढून तेथे सुबक मॉड्युलर बटण बसवावे, ही गृहस्थाची इच्छा सर्वथा रास्त आहे.

मात्र ती बोजड पेटी, जिला वायरमन मंडळी ‘आयसीडीपी’ म्हणतात, फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच वेळी विलग करते, तर साधे बटण एकच तार तोडते. जुन्या वायरिंगमध्ये या तारांची अदलाबदल झालेली असल्यास बटण बंद असूनही, पाती निश्चल दिसत असूनही, पंख्याच्या वेटोळ्यात 230 व्होल्टचा दाब कायम राहतो. ओल्या फडक्याने पंखा पुसणाऱ्या गृहिणीच्या जिवाला हा धोका आहे, आणि तो क्षुल्लक मानणे मला अक्षम्य वाटते. तस्मात दोन्ही तारा एकदम तोडणारे ‘डबल पोल’ बटणच घ्यावे. ते मॉड्युलर प्रकारातही मिळते.

पेटीबरोबर तिच्यातील चिनी मातीचा फ्यूजही जातो, त्याच्या जागी योग्य क्षमतेच्या एमसीबीची तजवीज परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी, आणि अर्थिंगची हिरवी तार पंख्याच्या लोखंडी चौकटीला घट्ट कसलेली आहे, याची खातरजमा त्याच वेळी करावी.