माहितीचा अधिकार व फौजदारी पुरावा

फौजदारी खटल्यात दाखल झालेला किंवा त्याच्या तपासात गोळा केलेला पुरावा सार्वजनिक अभिलेखांविषयीच्या कायद्याखाली मागण्याचा नागरिकाचा हक्क आणि त्या हक्काच्या मर्यादा यांचा विचार या विषयात होतो. पुराव्यात प्रथम खबर, जबाब, पंचनामे, वैद्यकीय व न्यायवैद्यक अहवाल, छायाचित्रे, ध्वनिचित्रमुद्रणे आणि मुद्देमाल यांचा समावेश होतो (पहा : पुरावा). एकाच कागदासंबंधी तीन निरनिराळे हक्क संभवतात : बचावासाठी तो मिळण्याचा आरोपीचा हक्क, न्यायालयीन अभिलेखाची नक्कल घेण्याचा हक्क आणि शासनाजवळील माहिती जाणून घेण्याचा सर्वसाधारण नागरिकाचा हक्क. या तिन्हींचे आधार व अटी भिन्न असून त्यांची गल्लत झाल्यामुळे बरेच अर्ज फेटाळले जातात.

पार्श्वभूमी : शासकीय कागदपत्रे जनतेस खुली करणारा पहिला कायदा स्वीडनमध्ये १७६६ साली झाला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा संघीय कायदा १९६६ चा आहे. तो कार्यकारी खात्यांस लागू पडतो, न्यायालयांस नाही. तेथील न्यायालयीन कागदपत्रे पाहण्याचा हक्क रूढ विधीतून आलेला असून, तो निरपवाद नाही, असे त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये निक्सन यांच्या ध्वनिफितींच्या प्रकरणात स्पष्ट केले. आरोपीस अनुकूल असा महत्त्वाचा पुरावा सरकार पक्षाने दडविणे हा त्याच्या न्याय्य सुनावणीच्या हक्काचा भंग होय, हे तत्त्व तेथे १९६३ च्या ब्रॅडी प्रकरणात प्रस्थापित झाले. ते माहितीच्या कायद्यावर अवलंबून नाही. ब्रिटनच्या २००० सालच्या अधिनियमाने न्यायालयीन अभिलेख कलम ३२ अन्वये वगळले आहेत. भारतात गोव्याने १९९७ मध्ये व महाराष्ट्राने २००२ मध्ये आपापले कायदे केले. त्यानंतर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा केंद्रीय कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अंमलात आला.

आरोपीचा हक्क : आरोपीस पुराव्याच्या प्रती मिळविण्यासाठी माहितीच्या अधिकाराचा आश्रय घेण्याचे मुळात कारण नाही. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० प्रमाणे पोलिसांचा अहवाल, प्रथम खबर, साक्षीदारांचे जबाब व इतर दस्तऐवज त्यास विनामूल्य द्यावे लागतात. त्यासाठी आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांची मुदत आहे. पीडित व्यक्तीचा वकील असल्यास तिलाही या प्रती मिळतात. पूर्वीच्या संहितेत ही तरतूद कलम २०७ मध्ये होती. तथापि, तपासात हाती आलेली पण सरकार पक्षाने आधारभूत न मानलेली कागदपत्रे हा कळीचा प्रश्न राहतो. कित्येकदा बचावाचा धागा त्यांतच असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फौजदारी सुनावणीतील उणिवांविषयी निर्देश देताना, अशा कागदपत्रांची व वस्तूंची यादीही आरोपीस पुरविण्याची तरतूद असलेले नियम स्वीकारण्यास सर्व उच्च न्यायालयांना सांगितले. यादी हाती असल्यास आरोपीला नेमका कागद न्यायालयामार्फत मागविता येतो. प्रतीऐवजी केवळ पाहणीची परवानगी मिळण्याचेही प्रसंग येतात. २०१९ मध्ये केरळमधील एका लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात मेमरी कार्डावरील चित्रण हा दस्तऐवजच आहे असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, परंतु पीडितेच्या खाजगीपणाच्या रक्षणार्थ त्याची प्रत देण्यास नकार देऊन आरोपीस व त्याच्या वकिलास पाहणीची मुभा दिली.

तपासाधीन कागदपत्रे : तपास चालू असता कागद पोलिसांच्या ताब्यात असतात. माहितीच्या अधिनियमाचे कलम ८ (१) (ज) तपास, अटक वा खटला चालविणे यांत अडथळा आणणारी माहिती नाकारण्यास मुभा देते. कलम ८ (१) (छ) कोणाच्या जीवितास धोका पोहोचविणाऱ्या अथवा खबर देणाऱ्याची ओळख उघड करणाऱ्या माहितीला संरक्षण देते. यांपैकी पहिल्या अपवादाचा सरसकट वापर होतो. ‘तपास चालू आहे’ एवढे म्हणणे पुरेसे नसून, माहिती दिल्याने तपासास बाध कसा येईल याची कारणे अधिकाऱ्याने दाखविली पाहिजेत, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगतसिंग प्रकरणी दिला. संवेदनशील गुन्हे वगळता प्रथम खबर २४ तासांत संकेतस्थळावर प्रसिद्ध करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले. दोषारोपपत्र मात्र सर्वांसाठी प्रसिद्ध करण्याजोगा सार्वजनिक दस्तऐवज नव्हे, असे त्याच न्यायालयाने २०२३ मध्ये ठरविले.

न्यायालयीन अभिलेख : पुरावा न्यायालयात दाखल झाला की त्याचा ताबा व त्यावरील नियम बदलतात. सुनावणी खुल्या न्यायालयात होते, परंतु सुनावणी खुली असणे आणि अभिलेखाची प्रत मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुख्य माहिती आयुक्त विरुद्ध गुजरात उच्च न्यायालय या प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की न्यायिक कामकाजाची कागदपत्रे उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच मागावीत आणि खटल्याशी संबंध नसलेल्या व्यक्तीने त्यासाठी कारण नमूद करावे. माहितीच्या अधिनियमाखाली अर्जदारास कारण सांगावे लागत नाही. कलम २२ ने त्या अधिनियमास इतर विसंगत कायद्यांवर वरचष्मा दिला असला, तरी न्यायालयाचे नियम त्याच्याशी विसंगत नाहीत, असा या निर्णयाचा आशय आहे. परिणामी पत्रकार, संशोधक किंवा बंदिवानाच्या वतीने झटणारा त्रयस्थ यांना नकलेसाठी न्यायालयाकडेच अर्ज करावा लागतो.

अधिनियमाचा खरा उपयोग : वरील मर्यादा लक्षात घेता, या अधिनियमाचे क्षेत्र मुख्यतः पोलीस व इतर खात्यांच्या स्वतःच्या नोंदी हे होय. उदा., स्टेशन डायरी, मुद्देमालाची नोंदवही, कर्मचाऱ्यांच्या नेमणुकीचे तक्ते, वाहनांच्या फेऱ्यांची नोंद, नमुने प्रयोगशाळेस पाठविल्याच्या पोचपावत्या. अटकेची वेळ किंवा मुद्देमाल सीलबंद केल्याची तारीख यांविषयी साक्षीत सांगितलेली गोष्ट अशा नोंदींशी ताडून पाहता येते. तपासाची केस डायरी मात्र यात मोडत नाही, कारण ती मागण्यास संहितेनेच आरोपीला मनाई केली आहे. केंद्रीय अन्वेषण विभागास २०११ मध्ये कलम २४ खाली अधिनियमातून वगळण्यात आले. तरीही भ्रष्टाचार व मानवी हक्कांचे उल्लंघन यांच्या आरोपांसंबंधीची माहिती त्या सवलतीत येत नाही. घटनेला २० वर्षे लोटल्यावर कलम ८ (३) नुसार तपासविषयक अपवादही गळून पडतो.

काळ व सिद्धता : सर्वांत मोठी अडचण काळाची आहे. अर्जाचे उत्तर ३० दिवसांत, जीवित वा स्वातंत्र्याचा प्रश्न असल्यास ४८ तासांत मिळावयास हवे. पहिले अपील ३० दिवसांत व दुसरे ९० दिवसांत करता येते. दरम्यान पुरावा नष्ट होऊ शकतो. पोलीस ठाण्यांतील सीसीटीव्ही चित्रण १८ महिने, आणि ते शक्य नसल्यास किमान एक वर्ष जपावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. म्हणून असे चित्रण जतन करण्याची लेखी मागणी प्रथम करून नंतर प्रतीचा अर्ज करणे श्रेयस्कर ठरते. शिवाय मिळालेली प्रत म्हणजे सिद्ध झालेला पुरावा नव्हे. ती भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ प्रमाणे न्यायालयात शाबीत करावी लागते आणि इलेक्ट्रॉनिक अभिलेखाच्या प्रतीसोबत कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते.

या विषयात पीडितांचे खाजगीपण, साक्षीदारांची सुरक्षितता व निष्पक्ष सुनावणी हे एका बाजूस, तर पोलिसांच्या कारभारावरील लोकांची देखरेख व चुकीने शिक्षा झालेल्याची सुटका हे दुसऱ्या बाजूस आहे. अपवादाखाली येणाऱ्या माहितीबाबतही व्यापक जनहित अधिक वजनदार असल्यास ती देता येते, असे कलम ८ (२) सांगते, तर कलम १० प्रमाणे संरक्षित मजकूर वगळून उर्वरित भाग देता येतो. समतोलाची साधने अशी कायद्यातच आहेत. नकार देणाऱ्या अधिकाऱ्याने त्यांचा विचार करून कारणे लिहिली की नाही, यावरच बंदिवानाच्या अर्जाचे मोल ठरते.