वॉकर : एका इंग्रजी आडनावाची कुळकथा

इंग्रजीच्या चार इयत्ता शिकलेल्या कोणालाही 'वॉकर' या आडनावाचा अर्थ विचारावा. तो 'चालणारा' असे सांगून मोकळा होईल. खुद्द इंग्लंडातही पुष्कळांची समजूत अशीच आहे. या घराण्याचा मूळ पुरुष राजाच्या राखीव रानातून गस्त घालीत हिंडत असे, अशी एक कल्पना तेथे रूढ आहे. आम्हां मराठी माणसांच्या कानाला तर त्यातील शेवटचा 'कर' ऐकून हा गृहस्थ गावकर-बांदेकरांच्या पंगतीत बसणारा वाटतो! थट्टा सोडली, तर या आडनावाचा पायांशी संबंध आहे खरा. मात्र ते पाय रस्त्यावर नव्हते, कापड भिजत घातलेल्या कुंडात होते.

मागावरून उतरलेले लोकरी कापड लगेच अंगावर घालण्याजोगे नसते. त्याची वीण विरळ असते, आणि लोकरीतील स्निग्धता व विणताना लावलेले तेल त्यात मुरलेले असते. ते धुऊन, तुडवून, मळून काढावे लागते. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ओलाव्यात आणि दाबाखाली हे खवले एकमेकांत गुंततात, कापड आटते आणि दाट होते. गरम पाण्यात चुकून चोळलेला लोकरी स्वेटर लहान पोराच्या मापाचा होतो, तो याच कारणाने. घरात जी फजिती, तोच मध्ययुगीन इंग्लंडात एक स्वतंत्र धंदा होता. कुंडात पाणी, एक विशिष्ट माती आणि शिळे मूत्र घालून माणसे त्यात तासन्‌तास कापड तुडवीत. वाचकांनी नाक मुरडू नये. शिळ्या मूत्रातील अमोनिया स्निग्धता काढण्यास उत्तम, आणि रोमन लोकही हाच उपाय करीत. ती माती तर आपल्या परिचयाचीच आहे. आपल्याकडे जिला मुलतानी माती म्हणतात, त्याच जातीची माती इंग्लंडात सरे परगण्यात सापडे.

हे काम करणारा तो 'वॉकर'. जुन्या इंग्रजीतील 'वेअल्कन' या क्रियापदाचा अर्थ लोळविणे, उलटेपालटे करणे असा होता. त्यापासून कापड तुडविणाऱ्यास 'वेअल्केरे' हे नाव पडले. आज सर्वांस ठाऊक असलेला 'चालणे' हा अर्थ त्या क्रियापदाला मागाहून चिकटला. म्हणजे आडनाव जुन्या अर्थाला धरून राहिले आणि भाषा पुढे निघून गेली. 'वॉकर म्हणजे चालणारा' ही समजूत या अंतरातूनच जन्मली आहे.

आता एक मौजेची गोष्ट पाहावी. या एकाच धंद्याने इंग्रजांना तीन आडनावे दिली आहेत. उत्तरेस व मध्यभागी हा कारागीर 'वॉकर' होता, आग्नेयेस व पूर्वेस 'फुलर', आणि नैर्ऋत्येस डेव्हन-सॉमरसेटकडे 'टकर'. 'फुलर' हा शब्द लॅटिनमधील 'फुल्लो'पासून आलेला. 'टकर'च्या मुळाशी असलेल्या जुन्या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ चक्क 'छळणे' असा आहे. कापडाला वाचा असती, तर त्याने हाच शब्द पसंत केला असता. एक्झिटर शहरात विणकर, टकर व कापड कातरणारे यांच्या संघाची 1471 साली बांधलेली वास्तू 'टकर्स हॉल' या नावाने आजही उभी आहे. बोलीभाषांच्या सीमा पुसट झाल्या, प्रमाण इंग्रजीने धंद्याचे नाव म्हणून 'फुलर' तेवढा ठेवला. पण यॉर्कशरमध्ये वॉकर दाट, ससेक्स-केंटमध्ये फुलर आणि डेव्हनमध्ये टकर, ही जुनी वाटणी आडनावांच्या नकाशावर दिसतेच. शब्दकोशातून गेलेली बोली माणसांच्या नावांत अशी मुक्काम करून राहते, हे आम्हांला या साऱ्या विषयातील सर्वांत मोलाचे वाटते.

आडनावांची गरज का पडली, हे थोडक्यात सांगतो. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर जुनी इंग्रजी नावे मागे पडली. चौदाव्या शतकापर्यंत जॉन, विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड व टॉमस या पाच नावांतच निम्म्याहून अधिक पुरुष सामावले. एका गावात सहा जॉन असले म्हणजे कर वसूल करणाऱ्याने काय करावे? त्याने जॉनपुढे धंदा, गाव, बापाचे नाव किंवा अंगचे वैगुण्य लिहिले. ही उपनावे साधारणपणे 1250 ते 1400 या काळात वंशपरंपरागत होत गेली. दक्षिणेत आधी, उत्तरेत उशिरा. 1379 च्या डोईपट्टीच्या यॉर्कशरमधील याद्यांत हे स्थित्यंतर चालू असलेले दिसते. कोठे उपनाव व धंदा अजून एकच, तर कोठे नाव एक आणि धंदा भलताच.

या काळातच कापड तुडविण्याचा धंदा पायांवरून उतरून पाण्यावर चढत होता. पाणचक्कीने लाकडी हातोडे उचलावयाचे आणि कुंडातील कापडावर आपटावयाचे, अशी ही युक्ती. टेंपलर या लढवय्या धर्मपंथाच्या 1185 च्या मालमत्ता-नोंदीत यॉर्कशरमधील अशा एका गिरणीचा उल्लेख आहे. कॅरस-विल्सन या विदुषींनी 1941 साली लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात या गिरण्यांच्या प्रसारास तेराव्या शतकातील औद्योगिक क्रांती म्हटले. पुढील अभ्यासकांना ते विशेषण थोडे फुगविलेले वाटले; परंतु गिरण्या पसरल्या हे निर्विवाद. तेव्हा ज्यांच्या घराण्यास 'वॉकर' हे नाव कायमचे चिकटले, त्यांतील कित्येकांनी कापडावर पाय ठेवलाही नसेल. ते गिरणीचे हातोडे सांभाळीत असतील.

मग सगळे वॉकर एका मूळ पुरुषाचे वंशज काय? मुळीच नाहीत. जेथे जेथे लोकर विणली जाई, तेथे तेथे एखादा वॉकर निर्माण होई. काही थोड्या कुटुंबांचे नाव तर न्यूकॅसलजवळच्या वॉकर या गावावरून आले. त्या ग्रामनामाचा अर्थ रोमन भिंतीजवळची दलदल असा आहे. लेस्टर विद्यापीठातील किंग व जॉब्लिंग या संशोधकांनी 40 आडनावांच्या पुरुषांचे, बापाकडून मुलाकडे जाणारे 'वाय' गुणसूत्र तपासून 2009 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ॲटनबरोसारख्या दुर्मिळ आडनावाच्या बहुसंख्य पुरुषांत एकच वंशरेषा आढळली, तर स्मिथ, म्हणजे लोहार, या आडनावाच्या माणसांत कोणत्याही परक्या दोन माणसांइतकेच नाते निघाले. वॉकरही त्याच वळणाचे, धंद्यावरून पडलेले आणि सर्वत्र आढळणारे आडनाव. असे असूनही 'वॉकर घराण्याचे कुलचिन्ह' म्हणून रंगीत ढाली विकणारे दुकानदार आहेत, आणि घेणारे हौशीही! इंग्लंडात कुलचिन्ह व्यक्तीला व तिच्या वंशजांना मिळते. आडनावाला मिळत नाही.

स्कॉटलंडात गुंतागुंत आणखी वाढते. तेथील गेलिक भाषेत 'मॅक अन उखकदर', म्हणजे कापड तुडविणाऱ्याचा पुत्र, असे नाव होते. इंग्रजी वळणाच्या काळात अशा काही कुटुंबांनी त्याचे सरळ भाषांतर करून 'वॉकर' हे नाव घेतले. त्यामुळे स्कॉटिश वॉकरचे मूळ इंग्रजी शब्दात असेल, अथवा गेलिक घराण्यातही असेल. 1802 पासून बडोद्याच्या गायकवाडांकडे कंपनीचा रेसिडेंट असलेला आणि 1807 मध्ये काठेवाडातील संस्थानिकांच्या खंडणीचा बंदोबस्त ठरविणारा अलेक्झांडर वॉकर हा असाच स्कॉटिश गृहस्थ होता. त्याच्या पूर्वजांपैकी कोणी खरोखर कुंडात उतरला होता की नाही, हे त्याच्या आडनावावरून सांगता येत नाही. त्यासाठी फाइफ परगण्यातील चर्चच्या वह्या आणि जुनी जमीनपत्रेच चाळावी लागतील.