दुकान ‘पळवतात’ का?

आमची सातवीतली लेक गृहपाठाची वही पुढ्यात घेऊन रडवेली बसली होती. ‘हिज फादर रन्स अ शॉप’ याचं तिनं लिहिलेलं मराठी: ‘त्याचे वडील दुकान पळवतात.’ त्यावर लाल फुली. ‘रन’ म्हणजे पळणे, एवढंच तिला पाठ. “मी सेमी इंग्रजी सोडते,” म्हणाली.

आता या ‘रन’चं काय सांगायचं! ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात 1989 च्या आवृत्तीपर्यंत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. नव्या संपादनात ‘रन’ने त्याला मागे टाकलं; या एकट्या क्रियापदाचे सहाशेहून जास्त अर्थ निघाले. ते पाठ कोण करणार? शेजारचा शब्द बघायचा. माणूस ‘रन’ करतो तेव्हा धावतो, पण पुढे दुकान किंवा साखर कारखाना आला की चालवतो. कृष्णा महाबळेश्वरहून वाई, कराड करत सांगलीकडे ‘रन’ होते, म्हणजे वाहते. सर्दीत नाकही तसंच. ओढणीचा रंग ‘रन’ झाला म्हणजे धुताना गेला. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘धावतो’. आपल्याकडे उभा राहतो, आणि गंमत म्हणजे इंग्लंडातही उभाच राहतो.

लेकीचं तोंड फुगलेलंच. इंग्रजी फसवी भाषा आहे म्हणे.

मिरजेहून आलेल्या नानी तांदूळ निवडत ऐकत होत्या. म्हणाल्या, “अन् तुमारी मराठी कम है क्या? ‘लागणे’ के मायने गिन जरा.”

मग मोजणी सुरू झाली. भूक लागते, ठेच लागते, नजर लागते. निकाल लागतो, नोकरी लागते, लग्न लागतं, फोन मात्र लागत नाही. साताऱ्याच्या स्टँडवर सांगलीची गाडी ‘लागते’, कराडच्या पुढे पेठ नाका ‘लागतो’, आणि लक्ष नसलं की खीर बुडाला ‘लागते’. वीसच्या पुढे गेल्यावर लेक हसायला ‘लागली’, तोही एक धरला. यातला एकही अर्थ तिला कुणी शिकवलेला नव्हता. घरात आमची दखनी, तिच्यातलं ‘नक्को’ आणि जोर देणारा ‘च’ मराठीकडूनच आलेला. दोन भाषांत ही पोर रोज न अडखळता फिरते.

तिनं वहीत ‘चालवतात’ लिहिलं. नानींनी सूप बाजूला ठेवलं. “अब बोल, उन्हाळे में रोजा लगता, उसको इंग्रजी में क्या बोलते?”

आम्ही दोघी अजून शोधतोय.