मडक्यांतील चिठ्ठी आणि मोबाइलमधील सोडत

देवापुढें चिठ्ठ्या टाकून कौल घेणें हा महाराष्ट्रांतील फार जुना रिवाज आहे. शिर्डीच्या इतिहासांतहि त्याचा दाखला सांपडतो. मुंबईचे सॉलिसिटर हरि सीताराम ऊर्फ काकासाहेब दीक्षित यांच्या नांवाचा वाडा शिर्डींत सर्वांच्या परिचयाचा आहे. साईबाबांनीं १९१८ सालीं देह ठेवल्यानंतर हे दीक्षित अडचणीच्या प्रसंगीं बाबांच्या तसबिरीपुढें चिठ्ठ्या टाकीत आणि जी निघेल ती आज्ञा समजून वागत. आयुष्यभर साक्षीपुरावे तोलण्यांत मुरलेल्या कायदेपंडितानें शेवटीं निर्णय चिठ्ठीवर सोपवावा, यांत कोणास विसंगति दिसेल; परंतु त्यांच्या दृष्टीनें चिठ्ठी हा योगायोग नव्हताच.

लौकिक व्यवहारांत चिठ्ठीला आजहि मान आहे. नगरपरिषदांच्या निवडणुकांपूर्वीं महिलांसाठीं कोणते प्रभाग राखावयाचे, हें सोडत काढून ठरवितात. सभागृहांत सर्वांसमक्ष चिठ्ठ्या भांड्यांत घालतात आणि पुष्कळदां एखाद्या शाळकरी मुलाच्या हातून ती काढवितात. २०१७ सालीं मुंबई महानगरपालिकेच्या निवडणुकींत २२० क्रमांकाच्या प्रभागांत शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर व भारतीय जनता पक्षाचे अतुल शहा यांना समसमान मतें पडलीं, तेव्हां चिठ्ठी टाकण्यांत आली आणि शहा निवडून आले. पराभूत पक्ष हळहळला असेल; पण चिठ्ठ्या किती होत्या, त्यांवर काय लिहिलें होतें आणि त्या कोणी काढल्या, हें सर्वांनीं पाहिलेलें असतें. सोडतीची प्रतिष्ठा या उघडेपणांत आहे.

त्याच शिर्डींत, भक्तनिवासाच्या ओट्यावर किंवा बसस्थानकावर गाडीची वाट पाहत बसलेल्या मुलांच्या हातांतील मोबाइलवर, आज निराळीच एक सोडत चालू असते. पडद्यावर एक तारा तुटतो, प्रकाश फांकतो, क्षणभर श्वास रोखला जातो आणि एखादी तरवार किंवा एखादें पात्र प्रकट होतें. पात्र हवें तें नसलें कीं मूल पुन्हां कळ दाबतें. या पद्धतीस ‘गाचा’ म्हणतात. पालकांना ती बहुधा तेव्हांच कळते, जेव्हां बँकेकडून पैसे गेल्याचा संदेश येतो.

शब्द जपानी आहे. जपानांत दुकानांच्या दाराशीं खेळण्यांचीं यंत्रें उभीं असतात. नाणें घालून मूठ फिरविली कीं ‘गाचा’ असा कर्कश आवाज होतो आणि ‘पोन’ करून प्लास्टिकची गोल डबी खालीं पडते. अशीं यंत्रें १९६५ च्या सुमारास अमेरिकेंतून तेथें गेलीं आणि १९७७ सालीं बांदाई या खेळण्यांच्या कंपनीनें त्या धंद्यांत पाऊल टाकल्यावर तीं घरोघरच्या मुलांच्या ओळखीचीं झालीं. त्या यंत्रांतहि कोणतें खेळणें येईल हें ठाऊक नसे. पण कांचेआडच्या डब्या दिसत, त्या मोजक्या असत आणि बाहेर पडलेली डबी पुन्हां आंत जात नसे. म्हणजे तें एक प्रकारें आपलें मडकेंच होतें. पुढें हीच कल्पना मोबाइलवरील खेळांत शिरली आणि तेथें मडक्याचा मूळ गुणच पालटला.

तो कसा, हें थोड्या गणितानें स्पष्ट होईल. मडक्यांत शंभर चिठ्ठ्या आहेत आणि त्यांतील एकच लाल आहे, असें समजावें. काढलेली चिठ्ठी बाजूस ठेवावयाची असा नियम असेल, तर फार तर शंभराव्या खेपेस लाल चिठ्ठी हातीं येणारच. परंतु प्रत्येक चिठ्ठी पाहून पुन्हां मडक्यांत टाकावयाची असेल, तर शंभर जणांनीं प्रत्येकीं शंभर वेळां हात घातला तरी त्यांपैकीं सुमारें ३७ जण रिकाम्या हातांनीं परततील. दोनशें वेळां हात घातल्यावरहि सुमारें १३ जण तसेच राहतील. मोबाइलमधील सोडत या दुसऱ्या जातीची आहे. ‘शंभरांत एक’ याचा अर्थ ‘शंभर खेपांत नक्की एक’ असा बहुतेक मुलें, आणि खरें सांगावयाचें तर बहुतेक वडीलधारीं माणसेंहि, करतात. या गैरसमजुतीवर कितीतरी रुपये खर्ची पडतात.

२०२० च्या सप्टेंबरांत प्रसिद्ध झालेला ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ हा चिनी खेळ उदाहरणादाखल घेण्यासारखा आहे, कारण त्याचे नियम छापील स्वरूपांत खेळांतच दिलेले असतात. त्यांत पंचतारांकित पात्र निघण्याची मूळ शक्यता शेंकडा ०.६ आहे. केवळ एवढ्यावर सोडलें असतें, तर नव्वद खेपांनंतरहि शंभरांतील सुमारें ५८ खेळाडूंना असें एकहि पात्र मिळालें नसतें. म्हणून कंपनीनें नव्वदाव्या खेपेस तें मिळालेंच पाहिजे अशी हमी घातली आहे. या हमीला खेळाडूंच्या बोलींत ‘पिटी’ म्हणजे दया म्हणतात. हमी धरून येणारें सरासरी प्रमाण कंपनी शेंकडा १.६ सांगते, म्हणजे सरासरीनें बासष्ट-त्रेसष्ट खेपांत एक. शिवाय खेळाडूंनीं आपापल्या खेपांच्या नोंदी एकत्र करून असा निष्कर्ष काढला आहे कीं, त्र्याहत्तराव्या खेपेपर्यंत शक्यता जवळजवळ तितकीच राहते आणि तेथून पुढें ती झपाट्यानें चढत जाते.

पण मिळालेलें पंचतारांकित पात्र हवें तेंच असेल असें नाहीं. मूळ नियमाप्रमाणें तें जाहिरातींतील पात्र असण्याची शक्यता निम्मी होती. २०२४ सालीं तींत खेळाडूच्या बाजूनें थोडा फरक करण्यांत आला. पहिल्यांदा दुसरेंच कोणी आलें, तर त्यापुढचें पंचतारांकित पात्र मात्र जाहिरातींतलेंच येतें. सर्वांत वाईट प्रसंगीं, अशा रीतीनें, १८० खेपा लागतात.

दया हा शब्द येथें फसवा आहे. नाणें दहा वेळां पालथें पडलें म्हणून अकराव्या वेळीं तें उताणें पडण्याची शक्यता वाढत नाहीं, हें गणिताच्या पहिल्या पाठांत शिकवितात. ‘आतां येणारच’ ही जुगाऱ्याची समजूत म्हणून चूक ठरते. गाचाच्या रचनेनें हीच चूक समजूत एका मर्यादेपलीकडे खरी करून ठेवली आहे. साठ खेपा झालेल्या मुलाला थांबण्यास सांगावें, तर तें उत्तर देतें कीं आतां थांबणें म्हणजे साठ खेपा वायां घालविणें. आणि हमी जवळ आलेली असल्यामुळें त्याचें म्हणणें अगदींच खोटें नसतें. जी तरतूद नुकसानाला आळा घालते, तीच माणसाला जागेवर बसवूनहि ठेवते. मात्र या खेळांत झालेल्या खेपांची मोजणी त्याच जातीच्या पुढील सोडतींत चालू राहते, त्यामुळें आज थांबलें तरी साठ खेपा वायां जात नाहींत. हा एक नियम मुलाला दाखविला, तर पुष्कळ वाद मिटतील. कांहीं खेळांत मात्र सोडत बदलली कीं मोजणी शून्यावर येते.

हमीची ही प्रथा आपोआप आली नाहीं. ‘ग्रॅनब्लू फँटसी’ या जपानी खेळांत २०१६ च्या आरंभीं अंचिरा नांवाच्या पात्रासाठीं एका खेळाडूनें दोन हजारांहून अधिक खेपा केल्या आणि सुमारें सात लक्ष येन घालविले. तो प्रकार लोकांनीं थेट प्रक्षेपणांत पाहिला. ओरड झाल्यावर तीनशें खेपांनंतर इच्छित पात्र निवडून घेण्याची सोय कंपनीला करावी लागली.

त्यापूर्वीं जपानांत आणखी एक प्रकार माजला होता. सोडतींत निघणाऱ्या ठराविक वस्तूंचा पूर्ण संच जमला, तरच मोठें बक्षीस मिळे. सहा वस्तू असून प्रत्येकीची शक्यता सारखी असली, तरी संच पुरा होण्यास सरासरी पंधरा खेपा लागतात. त्यांतील पहिली वस्तू एका खेपेंत येते, आणि एकट्या शेवटच्या वस्तूला सरासरी सहा खेपा पडतात. पांच वस्तू हातीं आलेला मनुष्य सहावीवांचून उठत नाहीं, हें विकणाऱ्याला पक्कें ठाऊक असतें. मे २०१२ मध्यें जपानच्या ग्राहक व्यवहार खात्यानें हा प्रकार बक्षिसांसंबंधींच्या जुन्या कायद्याखालीं निषिद्ध असल्याचें जाहीर केलें आणि तो बंद पडला.

खर्चाची जाणीव बोथट करणारी आणखी एक युक्ति या खेळांत असते. रुपये देऊन एक प्रकारचे स्फटिक घ्यावयाचे, त्यांचीं दुसरीं रत्नें करावयाचीं, अशा १६० रत्नांचें एक तिकीट आणि एका तिकिटाची एक खेप, अशी ‘गेन्शिन’मधील साखळी आहे. १८० खेपांचीं २८,८०० रत्नें होतात. त्यांचे रुपये किती, हा त्रैराशिकाचा हिशेब खेळाच्या भरांत कोण करणार? त्यांतून कांहीं रत्नें खेळतां खेळतां फुकट मिळतात. पैसाहि न देतां वर्षानुवर्षें खेळणारे पुष्कळ आहेत आणि खेळ म्हणून त्यांतील कलाकुसर उत्तम असते, हें मान्य केलें पाहिजे; परंतु फुकटाचीं आणि विकतचीं रत्नें एकाच थैलींत पडल्यावर कोणतें रत्न पैशाचें, हें ओळखूं येत नाहीं.

राहतां राहिला मडक्यांत डोकावण्याचा प्रश्न. येथील मडकें कंपनीच्या संगणकांत आहे आणि छापलेलें प्रमाण पाळलें जातें कीं नाहीं, हें एकट्या खेळाडूला तपासतां येत नाहीं. २०१७ च्या मे महिन्यापासून चीननें शक्यतेचे आंकडे जाहीर करणें सक्तीचें केलें. दक्षिण कोरियांत नेक्सॉन या कंपनीनें ‘मेपलस्टोरी’ या खेळांतील शक्यता खेळाडूंना न कळवितां त्यांच्या विरुद्ध बदलल्याचें उघड झालें, तेव्हां जानेवारी २०२४ मध्यें तिला सुमारें १,१६० कोटि वोनचा दंड झाला; त्याच वर्षींच्या २२ मार्चपासून तेथें आंकडे प्रसिद्ध करणें कायद्यानें बंधनकारक झालें. बेल्जमनें तर २०१८ सालींच पैसे देऊन उघडावयाच्या अशा पेट्या जुगारांत जमा केल्या.

घरांतील मुलाच्या मोबाइलवर असा खेळ असेल, तर सोडतीच्या पानावरील तपशिलाची कळ दाबून पाहावी. मूळ शक्यता किती, हमी कितव्या खेपेस, ती इच्छित पात्राची कीं कोणत्याहि पात्राची, आणि मोजणी पुढील सोडतींत टिकते कीं नाहीं, हे चार आंकडे व नियम तेथें लिहिलेले असतात. ‘गेन्शिन’मध्यें शेजारींच मागील खेपांचा इतिहासहि असतो, त्यावरून शेवटच्या पंचतारांकित पात्रानंतर किती खेपा झाल्या, हें मुलाबरोबर बसून बोटांवर मोजतां येतें.